ओमोरी, शोक आणि परत आलेला एक चॅप्टर: गेमचे नियम 'वाचायचे' कसे?

पेट पास झाली, सिनॉप्सिस लिहायचीय, विषय व्हिडिओ गेमचा घ्यायचाय, पण गेममधलं नेमकं काय पुरावा म्हणून दाखवायचं तेच कळत नाही. अशा आशयाचे मेसेज मला अधूनमधून येतात. दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देते, म्हणून आज एकदा नीट लिहायला बसलेय. उदाहरण एकच घेते, 'ओमोरी' या गेमचं. माझ्या प्रबंधातल्या एका चॅप्टरचा तो विषय आहे. चॅप्टरचा पहिला खर्डा गाइडकडून परत आला तेव्हा पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: "हे खेळात कुठे आहे?"

त्या चार शब्दांचं उत्तर शोधण्यात माझे पाच महिने गेले.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. एक, गेमचा शेवट, रहस्य, सगळं इथे फुटणार आहे. खेळायचा विचार असेल तर आधी खेळून या. दोन, यात मृत्यू, अपराधीपणा आणि आत्महत्या हे विषय येतात. गेम स्वतःही सुरुवातीलाच तशी सूचना देतो. वाचताना जड जायला लागलं तर लेख बाजूला ठेवा. कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आता गेम. 'ओमोकॅट' या नावाने काम करणाऱ्या चित्रकर्तीने २०१४ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करायला सुरुवात केली. मागितले होते २२ हजार डॉलर, जमले दोन लाखांहून जास्त. गेम प्रत्यक्षात आला २५ डिसेंबर २०२० ला. (पीएचडी लांबली म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.) गोष्ट अशी: सनी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा घराबाहेर पडत नाही. चार वर्षांपूर्वी त्याची मोठी बहीण मारी गेली. तीन दिवसांनी तो आणि त्याची आई हे घर सोडून जाणार आहेत. झोपला की तो 'हेडस्पेस' नावाच्या रंगीबेरंगी जगात जातो. तिथे त्याचं नाव ओमोरी, तिथे सगळे मित्र अजून चार वर्षांपूर्वीच्याच वयाचे, आणि तिथे मारी जिवंत आहे. ऑब्री, केल, हीरो हे मित्र सोबत असतात आणि बेझिल नावाचा मित्र हरवलेला असतो, त्याला शोधायचं असतं. जाग आली की तेच मित्र चार वर्षांनी मोठे झालेले, एकमेकांपासून तुटलेले. 'ओमोरी' हे नाव 'हिकिकोमोरी' या जपानी शब्दावरून आलंय. स्वतःला महिनोन्महिने खोलीत कोंडून घेणाऱ्या माणसांसाठीचा हा शब्द सायतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञाच्या १९९८ च्या पुस्तकानंतर सर्वतोमुखी झाला.

चित्रं पेन्सिलीने काढल्यासारखी, विनोद पोरकट, आणि मध्येच पायाखालची जमीन सरकावी असं काहीतरी समोर येतं. बोलणारी झाडं, अवकाशातला चाचा, स्वतःच्याच प्रेमात पडलेली एक बाई, पोटात अख्खी प्रयोगशाळा असलेला देवमासा. आणि या सगळ्याच्या मुळाशी 'व्हाइट स्पेस' नावाची एक पांढरी रिकामी जागा. तिथे एक दिवा, एक लॅपटॉप, एक मांजर आणि एक दार.

माझा पहिला खर्डा कसा होता ते सांगते, कारण मला येणाऱ्या दहा सिनॉप्सिसपैकी निदान सहा तशाच असतात. मी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे पाच टप्पे घेतले होते: नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. मग गेमचे प्रसंग एकेका टप्प्याखाली मांडले. हेडस्पेस म्हणजे नकार, ऑब्रीशी होणारी मारामारी म्हणजे संताप, असं करत शेवट म्हणजे स्वीकार. अठ्ठावीस पानं झाली. सगळं कसं छान बसत होतं. तिथेच शंका यायला हवी होती. कुठल्याही गोष्टीवर घातला तरी बसणारा अंगरखा त्या गोष्टीच्या अंगाबद्दल काही सांगत नाही. हे पाच टप्पे 'लायन किंग'वरही बसतात आणि आमच्या मेसच्या बिलावरही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. क्युब्लर-रॉस यांचं १९६९ चं पुस्तक मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या संवादांवर उभं आहे. मागे राहिलेल्या माणसांवर ते टप्पे नंतर लावले गेले, आणि प्रत्येक जण त्या क्रमाने जातो असं मानायला शोकाचा अभ्यास करणारे आज तयार नाहीत. मी मूळ पुस्तक उघडलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या लेखांतून उचललं होतं. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे 'कोण काय म्हणालं' याची यादी असं समजून चाललं की असं होतं. कुणाबद्दल म्हणालं, कशाच्या आधारावर म्हणालं, हेही बघायचं असतं.

मग काय वाचलं? दोन कामं खूप उपयोगी पडली. पहिलं, मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं दुहेरी प्रक्रियेचं प्रारूप. त्यांचं म्हणणं असं की शोक म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, झोका आहे. माणूस कधी गेलेल्या व्यक्तीकडे वळतो: आठवतो, रडतो, फोटो बघतो. कधी उरलेल्या आयुष्याकडे वळतो: बिलं भरतो, नवं काम शिकतो, चार घटका विसरतोही. हे जाणं-येणं निरोगी आहे. नुसतं एकाच टोकाला अडकणं त्रासाचं. म्हणजे टाळणं हे दर वेळी वाईट नाही, हा या प्रारूपातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. दुसरं काम म्हणजे क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी १९९६ मध्ये संपादित केलेलं 'कंटिन्युइंग बाँड्स' हे पुस्तक. गेलेल्या माणसाशी नातं तोडूनच पुढे जावं लागतं ही जुनी समजूत त्यांनी खोडली. नातं राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं.

आपल्याकडे मराठीत एक अडचण आहे. दुःख, उदासी, शोक हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. चॅप्टर लिहिताना मी ठरवून टाकलं: उदासी म्हणजे त्या क्षणाची भावना, शोक म्हणजे कुणी गेल्यावर महिनोन्महिने चालणारी सगळी उलाढाल, ज्यात उदासीसोबत राग, हसू, झोप, टाळाटाळ हे सगळंच येतं. हा फरक नुसता शब्दांचा राहिला नाही. पुढे गेमच्या नियमांनीच तो दाखवून दिला.

आता मूळ मुद्दा: खेळात 'कुठे'?

गेमच्या अभ्यासात हे भांडण जुनं आहे. १९९७ मध्ये जेनेट मरे यांनी 'टेट्रिस'मध्ये कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन माणसाचं आयुष्य वाचलं. वरून कामं पडतच राहतात, आपण रचत राहतो. २००१ मध्ये 'गेम स्टडीज' या जर्नलच्या पहिल्याच अंकात मार्क्कु एस्केलिनेन यांनी त्यावर झोड उठवली. हे गेमचं वाचन नाही, गेमवर गोष्ट लादणं आहे, असा त्यांचा रोख. या वादावर इतकं लिहिलं गेलंय की त्यात शिरलात तर अख्खं वर्ष जाईल, म्हणून मी पुढे जाते. त्यातून बाहेर पडायची मला सापडलेली वाट इयान बोगोस्ट यांची. २००७ च्या 'परसुएसिव्ह गेम्स' या पुस्तकात ते म्हणतात की गेम आपलं म्हणणं शब्द-चित्रांपेक्षा प्रक्रियेतून मांडतो. म्हणजे नियमांतून. काय करता येतं, काय करता येत नाही, काय केल्यावर काय होतं, यातून. गाइडच्या 'कुठे'चा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा पेटला. मी संवाद आणि चित्रं वाचत होते, नियम वाचतच नव्हते.

आणि ओमोरीसारख्या गेममध्ये नियम वाचणं सोपं आहे, कारण हा टर्न-बेस्ड गेम आहे. आपली पाळी, मग शत्रूची पाळी. आपल्या पाळीला समोर मेन्यू उघडतो: हल्ला, कौशल्य, खाऊ, खेळणं. टर्न-बेस्ड गेमचा मेन्यू म्हणजे त्या क्षणी त्या पात्राला जे जे करता येतं त्याची लेखी यादी. शोकात अडकलेल्या मुलाला काय करता येतं हे गेम आपल्याला सांगत नाही, तर यादी करून हातात देतो. ती यादी कुठे बदलते ते नोंदवायचं. मी खरोखर एक्सेलमध्ये तक्ता केला होता.

हेडस्पेसमधल्या लढाईत भावनांचा त्रिकोण आहे. आनंदी रागावलेल्यावर भारी, रागावलेला उदासावर भारी, उदास आनंदीवर भारी. प्रत्येक भावनेचे फायदे-तोटे: राग आला की मारा वाढतो, बचाव कमी होतो. आनंदात वेग आणि नशीब वाढतं, पण नेम चुकतो. उदास झालात की बचाव वाढतो, वेग मंदावतो, आणि लागलेल्या माराचा काही भाग जिवाऐवजी 'ज्यूस'मधून, म्हणजे कौशल्यं वापरायच्या शक्तीतून, वजा होतो. ओमोरीकडे 'सॅड पोएम' नावाचं कौशल्य आहे. कविता म्हणून तो मित्राला किंवा शत्रूला उदास करू शकतो.

हे वाचून कुणाच्याही मनात येईल: वा! उदासी हे कवच आहे, मार लागत नाही पण शक्ती झिरपून जाते, किती अचूक! मीही तेच लिहिलं. पण थांबा. दगड-कागद-कात्रीसारखे त्रिकोण या प्रकारच्या गेम्समध्ये पैशाला पासरी आहेत. पोकेमॉनमध्ये आग-पाणी-गवत आहे, तिथे आपण गवताचं मानसशास्त्र लिहीत नाही. म्हणून मी स्वतःला एक चाळणी लावून घेतली: हा नियम या प्रकारच्या गेम्सची सवय आहे, की या गेमने सवय मोडलीय? सवय असेल तर त्यावर फार भार टाकायचा नाही. मोडली असेल तर तिथे थांबायचं. ओमोरी 'आरपीजी मेकर' या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. त्यात लढाई, जीव, शत्रू, सेव्ह हे सगळं आयतं मिळतं. त्यामुळे आयत्या ढाच्यात कुठे हात घातलाय हे बघता येतं. याच सॉफ्टवेअरच्या आधीच्या आवृत्तीत बनलेल्या 'युमे निक्की' (२००४) या जपानी गेममध्येही खोलीबाहेर न पडणारी मुलगी आणि तिची स्वप्नं आहेत, पण तिथे लढाईची ती पद्धत जवळपास काढूनच टाकलीय. ओमोरीने ती ठेवली, आणि मग वाकवली.

या चाळणीतून खाली काय उरलं?

त्रिकोणाची मांडणी उरली नाही. पण एक बारीक गोष्ट उरली. प्रत्येक भावनेच्या पायऱ्या आहेत आणि आपल्या चौघांपैकी सगळ्यात वरची पायरी एकटा ओमोरी गाठतो. बाकीचे मित्र दुसऱ्या पायरीवर थांबतात. स्वप्न कुणाचं आहे हे गेम इथे शब्दाविना सांगून जातो. मित्र हे त्याच्या मनातले कठपुतळे, त्यांना भावना आहेत पण मापात.

दुसरं, हेडस्पेसमध्ये कुणी मरत नाही. जीव संपला की मित्राचा टोस्ट होतो. खरंच, पावाचा टोस्ट! त्यावर 'लाइफ जॅम' लावला की उठून उभा. पहिल्यांदा खेळताना मी हसले होते. पण ज्या मुलाची बहीण गेलीय त्याच्या स्वप्नातला मृत्यूचा नियम हा आहे, असं वाक्य वहीत लिहिलं तेव्हा हसू गेलं. हरलेल्या साथीदाराला उठवण्याची सोय या प्रकारच्या बहुतेक गेम्समध्ये असते. इथे मोडली ती सवय म्हणजे मृत्यूचं रूपच बदलून टाकलंय, मृत्यू हा शब्दही लागू नये इतकं.

तिसरं, आणि माझ्या मते गेममधली सगळ्यात मोलाची जागा: सेव्ह पॉइंट. या गेम्समध्ये प्रगती जपून ठेवायच्या ठरावीक जागा असतात. कुठे पुतळा, कुठे टेलिफोन. हेडस्पेसमध्ये ती जागा म्हणजे मारी. ती सतरंजी अंथरून, टोपली घेऊन बसलेली असते. जवळ गेलं की जीव भरून येतो आणि गेम सेव्ह होतो. ती कधी सोबत चालत नाही, कधी लढत नाही, पण जंगलात, अवकाशात, कुठेही गेलात तरी पुढे कुठेतरी बसलेली असतेच. आपण खेळाडू म्हणून दर अर्ध्या तासाने तिच्याकडे धावत जातो, कारण नाहीतर केलेलं वाया जाईल. गेलेल्या बहिणीशिवाय या जगात काहीच 'टिकत' नाही. क्लास आणि मंडळींच्या भाषेत हे चालू राहिलेलं नातं आहे. पण ते गोठलेलं आहे. तिचं रूप बदलत नाही, जागा तेवढी बदलते. हा मुद्दा मला कुठल्याही संवादातून मिळाला नसता.

चौथं म्हणजे विसरणं. कथेनुसार आपण बेझिलला शोधायला निघालोय. पण वाटेत इतकी लुटुपुटूची संकटं येतात, कुणाचं लग्न, कुणाचा कर्जाचा प्रश्न, की मित्रांना बेझिलची आठवणच राहत नाही. खेळाडूलाही राहत नाही! मीही चार तास भलतीकडेच होते. आरपीजीमध्ये मुख्य काम सोडून आडवाटेला भटकणं ही ठरलेली मजा असते. इथे तीच मजा टाळाटाळीचं यंत्र होते. स्ट्रोब-शुट यांचा झोका इथे एका टोकाला अडकलेला दिसतो, कारण बेझिलकडे मारीच्या मृत्यूचं सत्य आहे. तो सापडला की ते समोर येईल. म्हणून स्वप्न त्याला हरवतं.

आता जागं झाल्यावर. रात्री घरात सनीला भास होतात: जिना अंतहीन होतो, कोळी येतात, पाणी भरतं. लढाईचा तोच पडदा उघडतो. पण इथे सनीची अवस्था 'भय' अशी असते आणि ती त्या त्रिकोणात नाही. हेडस्पेसमध्ये तासन्‌तास शिकलेलं भावनांचं गणित इथे कामाचं नाही. मारत राहून काही होत नाही. मग मारीचा आवाज येतो आणि मेन्यूत नवं कौशल्य येतं: शांत होणं. पुढच्या भीतींसोबत लक्ष एकवटणं, टिकून राहणं अशी कौशल्यं येतात. म्हणजे इथली मारी सतरंजीवर बसून नाही, ती आता सनीच्या मेन्यूत आहे, त्याला येणारी एक कृती म्हणून. बंध राहिला, रूप बदललं. मी हे लिहून गाइडना पाठवलं तेव्हा पहिल्यांदा समासात टिकमार्क आली.

आणखी एक प्रसंग. दिवसा ऑब्रीशी रस्त्यात भांडण होतं, परत तोच पडदा. हेडस्पेसमध्ये ओमोरीचं हत्यार सुरी आहे, शेकडो वेळा आपण ते बटण दाबलेलं असतं. सवयीने दाबतो. ऑब्रीला खरंच जखम होते. लढाई थांबते, सगळे हादरून बघत राहतात, केल सुरी काढून घेतो. बटण तेच, अर्थ वेगळा. गेमचा संवाद इथे दोन ओळींचा असेल, काम बटणाने केलंय.

आता शेवट, आणि इथे माझा चॅप्टर दुसऱ्यांदा अडकला.

सत्य असं निघतं की मारी आपोआप गेली नव्हती. पियानो-व्हायोलिनच्या कार्यक्रमाच्या दिवशी भावंडांचं भांडण झालं, सनीने ढकललं, ती जिन्यावरून पडली. घाबरलेल्या बेझिलने आणि सनीने ती आत्महत्या वाटावी अशी मांडणी केली. चार वर्षं सगळे मित्र तेच खरं मानून स्वतःला दोष देत राहिले. हीरो तर वर्षभर अंथरुणातून उठला नव्हता.

मग हा गेम शोकाचा की अपराधाचा? हा प्रश्न सेमिनारमध्ये एका ज्युनियरने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मी वाचलेली प्रारूपं मुख्यतः मागे राहिलेल्यांबद्दल आहेत. ज्याच्या हातून मृत्यू घडला त्याच्यासाठी ती शिवलेली नाहीत. अशा वेळी दोन मोह होतात. एक, न बसणारा भाग तळटीपेत ढकलायचा. दोन, सगळा सिद्धांत फेकून नवा शोधायचा. मी मधला मार्ग घेतला, तो बरोबरच आहे असा माझा दावा नाही: चॅप्टरच्या मध्यावर सरळ लिहिलं की इथपर्यंत हे प्रारूप चालतं, इथून पुढे चालत नाही, आणि का चालत नाही तेच आता बघू. मला वाटतं परीक्षक प्रामाणिक भेगेला घाबरत नाहीत, लिंपलेल्या भेगेला घाबरतात.

आणि भेगेतूनच शेवटची लढाई नीट दिसली. समोर शत्रू म्हणून ओमोरी उभा राहतो, सनीचंच स्वप्नातलं रूप. हेडस्पेसमध्ये एक नियम होता: ओमोरीचा जीव संपायची वेळ आली की लढाईत एकदा तो तगून राहतो, आणि तो हरला नाही अशा अर्थाची ओळ पडद्यावर येते. तेव्हा ती ओळ बघून हुश्श वाटायचं. आता तोच नियम शत्रूच्या बाजूने लागतो, आणि एकदा नाही, दर वेळी. कितीही मारा, ओमोरी हरत नाही. ज्या नियमाने इतके तास आपल्याला वाचवलं तोच आता सनीला जगू देत नाही. ही लढाई जिंकताच येत नाही. सनी कोसळतो. मग पडदा विचारतो, पुढे चालू ठेवायचं का? हरल्यावर प्रत्येक गेम हेच विचारतो, आपण विचार न करता 'हो' दाबतो. इथे 'नाही' म्हटलं तर सनी जगत नाही. 'हो' म्हटलं तर तो मारीसोबत व्हायोलिन वाजवतो आणि उठतो. हरलेल्या खेळाडूला विचारायचा सगळ्यात निर्जीव प्रश्न, आणि गेमने त्याचंच वजन वाढवून ठेवलंय.

यावरून काय म्हणता येतं? 'ओमोरी शोकावर उपचार करतो' असं म्हणता येत नाही. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या शीर्षकात 'उपचारात्मक' हा शब्द होता, तो समितीने काढायला लावला आणि तेव्हा मला राग आला होता. आता पटतं. नियमांच्या वाचनातून गेम शोकाबद्दल काय मांडतो एवढंच सांगता येतं. खेळणाऱ्या शोकाकुल माणसाचं काय होतं हे सांगायचं तर माणसांकडे जावं लागेल: मुलाखती, संमतिपत्रं, नीतिशास्त्र समितीची परवानगी, आणि मुलाखतीत कुणी रडलं तर पुढे काय करायचं याची आधीच केलेली सोय. तो वेगळा प्रबंध आहे. एका प्रबंधाच्या पुराव्यावर दुसऱ्याचा निष्कर्ष लिहायचा नाही.

पुराव्याबद्दल थोडं व्यवहाराचं. गेम हा पुस्तकासारखा सगळ्यांना सारखा मिळत नाही. पहिल्या सकाळी केल दार वाजवतो. दार उघडलं तर मी वर सांगितलं ते घडतं. उघडलं नाही तर सनी घरातच राहतो आणि खेळ मुख्यतः स्वप्नातच चालत राहतो, काही जागा तर फक्त त्याच वाटेवर दिसतात. मग 'मी ओमोरी वाचला' म्हणजे नेमकं काय केलं? एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या 'सायबरटेक्स्ट'मध्ये हा प्रश्न मांडलाय, तो मेथडॉलॉजीच्या भागात आलाच पाहिजे. मी दोन्ही वाटा खेळले, आणि प्रत्येक वेळी तारीख, आवृत्ती, कोणतं यंत्र, कुठे काय निवडलं हे वहीत लिहिलं. सेव्ह फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. यूट्यूबवर दुसऱ्याचं खेळणं बघून चॅप्टर लिहिणारे मला माहीत आहेत. त्यांना टोस्टचा नियम कळतो, पण ऑब्रीसमोर आपल्याच बोटाने दाबलेलं बटण कळत नाही. चाहत्यांच्या विकीचा वापर मी केला, पण अनुक्रमणिका म्हणून. तिथे वाचलेलं प्रत्येक विधान गेममध्ये जाऊन तपासलं. दोन चुकीची निघाली.

गेमचा अगदी शेवट असा आहे: सनी हॉस्पिटलच्या खोलीतून उठतो, मित्र जमलेत तिथे जातो, आणि आपल्याला काहीतरी सांगायचंय असं म्हणतो. बस. पुढे ते काय म्हणाले हे गेम दाखवत नाही. तिथे ना मेन्यू आहे, ना नियम, ना बटण. माझ्या तिसऱ्या खर्ड्यात त्या प्रसंगावर दोन पानं होती आणि 'क्षमा' हा शब्द तीनदा आला होता. चॅप्टर पाठवायच्या आदल्या रात्री मी समासातला तो पेन्सिलचा प्रश्न पुन्हा वाचला आणि तिन्ही ठिकाणचा शब्द खोडला.